गादो, डेल्ले आणि अमावास्येची संध्याकाळ

सासूबाईंचा फोन आला तेव्हा आम्ही हाम्बुर्गच्या मुख्य स्टेशनवर ल्युबेकच्या गाडीचा फलाट शोधत होतो.

"आज सर्वपित्री अमावास्या. आणि तुम्ही ऐन तिन्हीसांजेला समुद्रावर कुठं निघालात?"

"डॉल्फिन बघायला, आई."

पलीकडे क्षणभर शांतता. मग, "जर्मनीत?"

अमावास्येचा मुद्दा त्यांनी तिथेच सोडला. डॉल्फिन आणि जर्मनी या दोन गोष्टी एका वाक्यात बसवण्यातच त्यांची शक्ती खर्च झाली असावी. त्यांचं चुकलं नव्हतं. आमच्या शेजारच्या जर्मन आजींनीही अगदी हाच प्रश्न अगदी याच सुरात विचारला होता.

गोष्ट १४ ऑक्टोबर २०२३ ची. त्याआधी महिनाभर, सप्टेंबरपासून, ल्युबेकजवळच्या ट्राव्हेम्युंडेला एक डॉल्फिन येऊन राहिला होता. ट्राव्हे नदी जिथे बाल्टिक समुद्राला मिळते तिथे, बंदराच्या तोंडाशी, स्वीडन-फिनलंडला जाणाऱ्या अजस्र फेऱ्यांच्या वाटेत हे महाशय खुशाल पोहत होते. चांगला मोठा, आखूड चोचीचा, इंग्रजीत ज्याला बॉटलनोज म्हणतात तो. बाल्टिकमध्ये या जातीचा डॉल्फिन येणं म्हणजे आपल्या अंगणात मोर उतरण्यासारखं. अशक्य नाही, पण उतरला की सगळी आळी गोळा होणार. लोकांनी त्याला 'डेल्ले' म्हणायला सुरुवात केली होती. जर्मनमध्ये डेल्ले म्हणजे भांड्याला किंवा गाडीला पडलेला पोचा. आमच्या सात वर्षांच्या लेकीला हे नाव इतकं आवडलं की आठवडाभर घरातल्या प्रत्येक पातेल्याचा पोचा ती मला दाखवत होती.

सोमवारपासून शाळेला शरदाची सुट्टी लागणार होती. नवऱ्याने शनिवारच्या संध्याकाळच्या बोटफेरीची तिकिटं काढली. मी डब्यात थालीपीठं घेतली आणि निघालो.

गाडीत बाहेर शेतांवर क्रौंच पक्ष्यांचा थवा दिसला. मी खिडकीशी सरकून लेकीला म्हटलं, "बघ बघ, ते बघ केवढे क्रौंच!" माझा आवाज वर्गातला आहे, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. सहा वर्षं पुण्याच्या एका शाळेत मराठी शिकवल्यावर तो लहान होत नाही. समोरच्या बाकावरचं जोडपं वळून हसलं. लेक माझ्या कानाशी आली आणि पुटपुटली की इथे नको ना बोलूस, सगळे बघतात. हे वाक्यही तिने जर्मनमध्येच म्हटलं.

परदेशात मुलं वाढवणाऱ्या कुणालाही यात नवीन काही वाटणार नाही. मुलं आधी मराठीत बोलतात, मग मराठीत ऐकून जर्मनमध्ये उत्तर देतात, मग एक दिवस ऐकणंही नकोसं होतं. मंडळाच्या मराठी शाळेत मी इतर आयांना याबद्दल धीर देत असते. "तुम्ही बोलत राहा, मुलं जे ऐकतात ते आत साठतं," वगैरे. स्वतःच्या पोरीने कानात सांगितल्यावर मात मला एकही सुविचार आठवला नाही. मी पाठ वळवून क्रौंच बघत बसले.

ट्राव्हेम्युंडेला उतरलो तेव्हा वारा चांगलाच बोचरा होता. माझं आजोळ मालवणजवळचं देवबाग. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधे चिंचोळी पट्टी, त्यावर घरं. त्यामुळे कुठल्याही किनाऱ्यावर गेले की मी नकळत दोन गोष्टी बघते: पाणी भरतीचं की ओहोटीचं, आणि सूर्य किती खाली आलाय. बाल्टिकवर या दोन्ही सवयी कुचकामी ठरतात. अमावास्या म्हणजे आमच्याकडे उधाण. पाणी पार माडांच्या बुंध्यापर्यंत येतं. इथे भरती-ओहोटीचा फरक मोजून काही सेंटिमीटरचा, कारण हा समुद्र जवळजवळ सगळीकडून जमिनीने वेढलेला आहे आणि महासागराशी डेन्मार्कजवळच्या अरुंद वाटांनीच काय तो जोडलेला. पाणीही धड खारट नाही. नद्या इतकं गोडं पाणी आणून ओततात की या भागात मीठ महासागराच्या निम्म्याहून कमी. लेकीने बोट बुडवून चाखलं आणि नापसंतीने तोंड वाकडं केलं. मी चाखलं तर मला ते आळणी आमटीसारखं वाटलं.

आणि सूर्य? तो आमच्या पाठीमागे, गावावर मावळत होता. इथला किनारा पूर्वेकडे तोंड करून बसला आहे, हे तिकीट काढताना आमच्या दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. "सूर्यास्त फेरी" म्हणजे समुद्रात बुडणारा लाल गोळा, असं कोकणातल्या माणसाने गृहीतच धरलेलं असतं. इथे सूर्य बुडत होता तो एका भल्या उंच हॉटेलच्या मागे. त्या हॉटेलच्या माथ्यावर दीपगृहाचा दिवा आहे, शंभर मीटरहून उंचावर. त्याच्या पायथ्याशी १५३९ सालचं जुनं विटांचं दीपगृह आहे, देशातलं सर्वांत जुनं, पण या राक्षसाच्या सावलीत ते बिचारं दिसेनासं होतं.

धक्क्यावर मासळीच्या पावांचा वास सुटला होता. नवरा गाडीपाशी दोन मिनिटं घुटमळला. पितृपक्षाचा शेवटचा दिवस, त्यात सकाळीच आईचा फोन झालेला. त्याने सुस्कारा टाकून थालीपीठ घेतलं. मालवणच्या मुलीशी लग्न करून साताऱ्याच्या घरातले नेम पाळणं काही सोपं नाही, हे मी त्याला वरचेवर सांगत असते.

बोटीवर पन्नासेक माणसं होती, टोप्या-मफलरांत गुंडाळलेली. कप्तान पांढऱ्या दाढीचा, मिस्कील माणूस. सुटण्यापूर्वीच त्याने बजावलं, "डॉल्फिन माझ्या पगारावर नाही. येईल तर येईल." मग नियम सांगितले. आपण त्याच्यामागे जायचं नाही. तो जवळ आला तर इंजिन मंद करून तसंच थांबायचं. कुणी काही खायला टाकायचं नाही. अधिकाऱ्यांनी आणि प्राणितज्ज्ञांनी तेव्हा पुन्हा पुन्हा हेच सांगितलं होतं, कारण लोक छोट्या होड्या, पॅडलच्या फळ्या घेऊन त्याच्या अंगाशी जात होते. एकट्या पडलेल्या डॉल्फिनला माणसांची सवय लागली की ते दोघांनाही महागात पडू शकतं. जनावर तीनेक मीटर लांब आणि काही शे किलो वजनाचं. त्याने खेळात दिलेला धक्काही आपल्याला खेळातला वाटत नाही.

पस्सात नावाच्या जुन्या चार डोलकाठ्यांच्या जहाजावरून पुढे गेलो, नदीचं तोंड ओलांडलं आणि थांबलो. काहीच नाही. पाणी शिशासारखं. दहा मिनिटं गेली, वीस गेली. पोरं कंटाळली, मोठ्यांनी कॉफी मागवली.

त्या रिकाम्या वेळात कप्तानाने जे सांगितलं ते मला डॉल्फिनपेक्षा जास्त लक्षात राहिलं आहे. तो म्हणाला, "तुम्ही सगळे पाहुण्याला बघायला आलात. घरच्या माणसाची कुणी चौकशी करत नाही." घरचा माणूस म्हणजे श्वाइन्सवाल. इंग्रजीत हार्बर पॉर्पॉइज. जर्मनीच्या पाण्यात कायम राहणारी, पिल्लं देणारी ही एकमेव देवमाशाच्या कुळातली जात. दीड-पावणेदोन मीटर लांब, बुटकं तोंड, पाठीवर लहानसा त्रिकोणी पर. उड्या नाहीत, कसरती नाहीत. श्वास घ्यायला वर येतो, काळी पाठ चाकासारखी फिरते आणि संपलं. नावाचा शब्दशः अर्थ 'डुक्कर-देवमासा'. अशा नावावर पोस्टर कोण छापणार? त्याचे आवाज इतके उंच पट्टीतले असतात की माणसाच्या कानाला ऐकूच येत नाहीत. सिल्ट आणि आमरुम बेटांजवळ त्यांची पिल्लं मोठी होतात म्हणून १९९९ मध्ये तिथे खास संरक्षित क्षेत्र केलं गेलं. पण मच्छीमारांच्या उभ्या जाळ्यांत अडकून, श्वास कोंडून ते मरतात. पाण्यातल्या स्फोटांनी मरतात. बाल्टिकच्या मध्यभागातली त्यांची स्वतंत्र वसाहत तर काही शेंवर आली आहे.

मला एकदम आठवलं की आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही पॉर्पॉइज आहे, पाठीवर पर नसलेला. त्याला मराठीत 'भुलगा' असा शब्द जुन्या प्राणिकोशात नोंदवलेला आहे. हा शब्द मी एकदा परीक्षेच्या अभ्यासात वाचला होता आणि कुणाच्याही तोंडून कधी ऐकला नव्हता. मी तो लेकीला सांगणार होते. पण गाडीतलं आठवलं आणि गप्प बसले.

तेवढ्यात उजव्या बाजूने कुणीतरी ओरडलं.

आधी आवाज आला. कुकरची शिट्टी सुटण्याआधी जो 'फुस्स' होतो ना, तसा. मग राखाडी पाठ, मागे वळलेला उंच पर, आणि पुन्हा पाणी. बोट एकदम एका बाजूला कलली, कारण पन्नासही माणसं तिकडे धावली. दुसऱ्यांदा तो मागून वर आला. तिसऱ्यांदा मात्र अगदी जवळ, कुशीवर वळून, एक डोळा आमच्याकडे करून. ढगांखालून सूर्याची शेवटची तिरीप गावावरून पाण्यात पडली होती आणि त्याची ओली पाठ तांब्याच्या भांड्यासारखी चमकली. समुद्रात मावळणारा सूर्य नसला तरी पाठीमागून येणाऱ्या उजेडाचा हा फायदा असतो. समोरचं सगळं लख्ख दिसतं.

"गादो इलो!" मी ओरडले.

माझ्या तोंडून हा शब्द निघून पंचवीस वर्षं झाली असतील. देवबागला आमचे मामा डॉल्फिनला गादो म्हणत. कौतुकाने नव्हे. "गादो इलो काय जाळ्याची वाट लावता," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. जाळ्यातली मासळी पळवणारा, जाळं फाडणारा चोर. पर्यटकांना डॉल्फिन दाखवायच्या होड्या सुरू झाल्या आणि त्याच चोराने गावातल्या कितीतरी घरांना पोसलं, तेव्हा मामांचं मत थोडं मवाळ झालं. नाव मात्र तेच राहिलं.

लेकीने माझ्याकडे बघितलं. लाज वाटल्यासारखं नाही, गोंधळल्यासारखं. "हे काय बोललीस? हे मराठी नाहीये." हे ती मराठीत म्हणाली.

डेल्ले सात-आठ मिनिटं आमच्याभोवती होता. मग एक मोठी फेरी बंदराकडे निघाली, तिच्या मागच्या लाटेत तो शिरला आणि दिसेनासा झाला. परतताना अंधार पडला. अमावास्या, त्यामुळे चंद्र नाही.

पुढच्याच शुक्रवारी, २० ऑक्टोबरला, बाल्टिकच्या या किनाऱ्यावर मोठं वादळी उधाण आलं. अमावास्येने जे केलं नव्हतं ते पूर्वेच्या वाऱ्याने केलं. पाणी रस्त्यांवर आलं, होड्या बुडाल्या, फ्लेन्सबुर्गला तर नेहमीच्या पातळीपेक्षा दोन मीटरहून जास्त चढलं. लेक दोन दिवस डेल्लेची चौकशी करत होती. तो सुखरूप होता. नंतरही ट्राव्हेम्युंडेला दिसत राहिला.

इथवर ही एक साधी सहल आहे आणि मी ती लिहिलीही नसती. पण वर्षभराने, २०२४ च्या शरदात, या डेल्लेवरचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. बातमी मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या फोनवर वाचली आणि कढीला उकळी फुटून ती फाटली.

ट्राव्हेम्युंडेला येण्याआधी हा डॉल्फिन डेन्मार्कमध्ये स्वेनबोर्गच्या सामुद्रधुनीत राहत होता, २०१९ पासून, एकटा. मूळचा स्कॉटलंडचा. तिथल्या मरे फर्थ परिसरात बॉटलनोज डॉल्फिनांची सुमारे दोनशेंची वस्ती आहे आणि पाठीच्या पराच्या खाचांवरून एकेकाची ओळख संशोधक ठेवतात. त्या नोंदींत याचं नाव 'योडा'. वय सतरा. म्हणजे स्थलांतरित, नाव बदललेला, आणि आपल्या माणसांपासून शेकडो किलोमीटर दूर. स्वेनबोर्गला दक्षिण डेन्मार्क विद्यापीठाच्या संशोधकांनी पाण्याखाली ध्वनिमुद्रक बसवला. त्यांना खरं तर बघायचं होतं की या पाहुण्याच्या येण्याने तिथल्या पॉर्पॉइजांवर काय परिणाम होतो. प्रश्न रास्तच होता, कारण स्कॉटलंडमध्ये या जातीचे डॉल्फिन पॉर्पॉइजांना ठार मारतात हे १९९० च्या दशकातच दिसून आलं होतं. (आपण हसरा चेहरा बघून फसतो. तो हसत नसतो, जबड्याचा आकारच तसा.)

डिसेंबर २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या ६९ दिवसांत यंत्राने डेल्लेचे १०,८३३ आवाज टिपले. त्यांत २,२९१ शिळा होत्या. ऐकायला दुसरा एकही डॉल्फिन नसताना.

यातली गंमत कळायला एक गोष्ट माहीत हवी. या जातीचा प्रत्येक डॉल्फिन लहानपणीच स्वतःची एक खास शीळ बनवतो. ती त्याची ओळख, जवळजवळ नावच. इतर डॉल्फिन ती शीळ उचलून त्याला साद घालतात आणि तो आपल्या शिळेला उत्तर देतो. हे २०१३ मध्ये दोन संशोधकांनी दाखवलं ते स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या, म्हणजे याच्याच गोतावळ्यातल्या डॉल्फिनांवर. त्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या अभ्यासात, कधीकाळी एकत्र राहिलेल्या डॉल्फिनाची शीळ वीस वर्षांनंतरही डॉल्फिन ओळखतात, असं निघालं. तर डेल्लेच्या शिळांमध्ये अशा तीन वेगवेगळ्या ठरावीक शिळा सापडल्या. आवाज कुणाचे हे माहीत नसतं तर ऐकणाऱ्याला वाटलं असतं, तिथे किमान तीन डॉल्फिन गप्पा मारत आहेत.

तो कुणाला हाका मारत होता? संशोधक जपून बोलतात. इतकी वर्षं राहिल्यावर आसपास आपलं कुणी नाही हे त्याला कळलंच असणार, म्हणून साद घालणं असेल असं त्यांना फारसं वाटत नाही. कदाचित ते भावनेचे उमाळे असतील, आपण एकटे असताना हसतो तसे.

मला एवढ्या सावध खुलाशाची गरज पडली नाही. मी फाटलेल्या कढीकडे बघून "ह्या कढयेचा काय ता करूचा आता" असं मोठ्याने म्हणाले आणि मग माझं मलाच ऐकू आलं. घरात कुणी नव्हतं. सकाळी साडेसात ते दुपारी चार मी अशीच बोलत असते. भाजीशी, वॉशिंग मशीनशी, थंडीत न वाळणाऱ्या कपड्यांशी. मराठीत. चिडले तर मालवणीत.

आणि मालवणीची गोष्ट मला त्या दिवसापर्यंत कुणालाच सांगावीशी वाटली नव्हती. मी अकरा वर्षांची असताना आम्ही पुण्याला आलो. शाळेच्या स्नेहसंमेलनाला आई आली होती आणि मैत्रिणींसमोर तिने मला सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशी "गो, हंय ये" म्हणून हाक मारली. मुली हसल्या. घरी गेल्यावर मी आईला सांगितलं, शाळेत असं बोलायचं नाही. आई काही म्हणाली नाही. त्यानंतर ती माझ्याशी पुस्तकी मराठीत बोलायला लागली, अडखळत, 'न' आणि 'ण' तपासत. त्याच पुस्तकी मराठीत मी एम. ए. झाले, शिक्षिका झाले, आणि पोरांच्या वहीतले 'इलो', 'गेलंय' लाल शाईने दुरुस्त केले. गाडीत लेकीने कानात जे सांगितलं ते मी आईला तोंडावर सांगितलं होतं. तिने तरी आवाज खाली ठेवला होता.

त्या रात्री मी आईला फोन लावला आणि मालवणीत बोलायला सुरुवात केली. चार वाक्यांनंतर गाडी अडली, शब्दच सापडेनात. आई म्हणाली, "बरी आसस मा? ताप-बिप नाय मा इलो?" मग आम्ही दोघी खूप हसलो. दर रविवारी अर्धा तास आता असं बोलणं चालतं. लेक शेजारी चित्रं काढत बसते. तिला निम्मं कळत नाही. पण ही आपली लपून बोलायची भाषा आहे आणि ती जर्मनीत कुणालाच, अगदी बाबालाही, येत नाही, या गोष्टीचं तिला फार आकर्षण वाटतं. मराठीचं म्हणाल तर अजून निम्म्या वेळा उत्तर जर्मनमध्येच येतं.

त्या डिसेंबरात आम्ही भारतात गेलो तेव्हा देवबागला चार दिवस राहिलो. पर्यटकांच्या होड्या सकाळी निघतात. मामांनी आम्हाला संध्याकाळी त्यांच्या होडीतून नेलं. आता ते सत्तरीचे आहेत, जाळं मुलाकडे सोपवलंय. कर्लीच्या मुखातून बाहेर पडल्यावर त्यांनी इंजिन बंद केलं. समोर सूर्य, जिथे असायला हवा तिथे, पाण्याला टेकत आलेला. इथले डॉल्फिन वेगळ्या जातीचे, पाठीवर मदारीसारखा उंचवटा असलेले. चार-पाच जण आले, एक पिल्लू धरून, आणि लांबूनच वळसा घालून निघाले.

लेक काठावर ओणवी झाली होती. एकाने श्वास सोडला, तोच 'फुस्स'.

"आजोबा, गादो काय बोलता?" तिने विचारलं. कुठून शिकली कोण जाणे. रविवारीच असणार.

मामांनी विडी विझवली, पाण्याकडे बघितलं.

"तेकाच इचार," ते म्हणाले.